नोकरीतला आत्मविश्वास : आधी अडते कुठे ते पाहू, मग पुस्तक

या वेळच्या 'वाचक विचारतात'चा विषय होता नोकरीत आत्मविश्वास वाढवणारी पुस्तके. बहुतेक पत्रांचा शेवट एकाच वाक्याने झाला आहे : 'एखादे चांगले पुस्तक सुचवा.' सगळ्यांना एकच पुस्तक सुचवणे शक्य नाही. मीटिंगमध्ये तोंड न उघडणे, इंग्रजी मेल लिहिताना हात आखडणे आणि साहेबांना नाही म्हणता न येणे ही तीन निरनिराळी दुखणी आहेत. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला विचार इथे कामी येतो. 'हे मला जमेल' हा विश्वास सरसकट नसतो, तो कामागणिक वेगळा असतो, आणि ते काम स्वतः पार पाडल्याने तो सर्वांत पक्का होतो. म्हणून खाली पुस्तकांबरोबर हाताने करायचे कामही दिले आहे. ते सोडून नुसते वाचलेत तर दोन दिवस उभारी वाटेल, तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

प्रश्न : चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात सहा वर्षे काम करतो. मशीनवर कोणाशीही बिनधास्त बोलतो, पण सोमवारच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये माझे नाव आले की घसा कोरडा पडतो. मित्राने डेल कार्नेगींचे 'हाऊ टू विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुअन्स पीपल' दिले. दोनदा वाचले, काही फरक नाही.

पुस्तक चांगले आहे, पण ते तुमच्या दुखण्यावरचे नाही. १९३६ चे ते पुस्तक माणसे जोडण्याविषयी आहे. कार्नेगींचा मूळ पेशा मात्र भाषणकला शिकवण्याचा होता. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या वायएमसीएमध्ये त्यांनी नोकरदारांसाठी संध्याकाळचे वर्ग सुरू केले. त्या शिकवण्याचे सार त्यांच्या निधनानंतर, १९६२ मध्ये आलेल्या 'द क्विक अँड ईझी वे टू इफेक्टिव्ह स्पीकिंग' या पुस्तकात आहे. तुम्ही ते घ्या, आणि पहिला भाग वाचून झाला की थांबा. पुढचे वाचण्याआधी एक सोमवार जाऊ द्या.

त्यातला सर्वांत मोलाचा सल्ला म्हणजे भाषण शब्दशः पाठ करू नका. पाठ केलेल्या मजकुरातला एक शब्द निसटला की पुढची सगळी माळ सुटते, आणि समोरच्या माणसांकडे पाहायचे सोडून मन हरवलेला शब्द शोधत बसते. त्याऐवजी पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर तीनच ओळी लिहा : आकडा काय, कारण काय, मला काय हवे. समजा,

'ब्रॅकेट : तपासले ४,२००, रिजेक्ट ६३.'
'६३ पैकी ४१ भोकाचा व्यास मोठा, ड्रिल बुश झिजले.'
'नवे बुश बुधवारपर्यंत हवे.'

रविवारी संध्याकाळी हे कार्ड समोर धरून पाच वेळा मोठ्याने बोला, दर वेळी वेगळ्या शब्दांत. फोनवर वेळ लावा. चाळीस सेकंदांच्या आत संपले पाहिजे. पक्के करायचे ते फक्त पहिले वाक्य : 'सर, गेल्या आठवड्यात ब्रॅकेटमध्ये दीड टक्का रिजेक्शन आहे.' तेवढे तोंडातून निघाले की पुढचे तुमच्या रोजच्या कामाचेच आहे, ते आपोआप येते.

इथे तीन गोष्टी बिघडतात. पहिली, 'मला फारसे सांगता येणार नाही, पण' अशी सुरुवात. ती वाक्ये ऐकणाऱ्याला सांगतात की पुढचे ऐकले नाही तरी चालेल. दुसरी, शेवटपर्यंत वाट पाहणे. वाट पाहताना धडधड वाढतच जाते, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत निदान एक प्रश्न विचारून आवाज मोकळा करून घ्या. तिसरी, घाई. आकडा सांगितल्यावर एक श्वास थांबा, लोकांना तो लिहून घेऊ द्या. चार सोमवार हे करा आणि दर वेळी कार्डाच्या मागे एकच नोंद ठेवा : काय बोलायचे राहिले. 'कसे वाटले' हे लिहू नका, त्याचा उपयोग होत नाही.

प्रश्न : लातूर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत अकरा वर्षे लिपिक होते. आता शाखाधिकारी केले आहे. खुर्चीवर बसल्यापासून वाटते की चुकून निवड झाली, एक दिवस सगळ्यांना कळेल. यावर पुस्तक आहे का?

आहे. या भावनेला नावही आहे : 'इम्पोस्टर फिनॉमिनन', म्हणजे आपण तोतया आहोत असे वाटणे. पॉलिन क्लॅन्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवांवरून तिचे वर्णन केले, आणि क्लॅन्स यांनी १९८५ मध्ये त्यावर 'द इम्पोस्टर फिनॉमिनन' हे पुस्तक लिहिले. मूळ लेखनात हा आजार म्हणून मांडलेला नाही, हे लक्षात ठेवा.

पण ताई, पुस्तक मागवण्याआधी एक तास वही घेऊन बसा. 'मी या पदाला लायक नाही' या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात : नाहक भीती, आणि खरोखरच न शिकलेले काम. त्या वेगळ्या केल्याशिवाय कुठलेही पुस्तक लागू पडत नाही. वहीत नव्या पदाची कामे एकेका ओळीवर लिहा : कर्ज प्रस्तावाची छाननी, थकबाकीदारांची भेट, रोख शिल्लक तपासणे, संचालक मंडळापुढे शाखेचा अहवाल, लेखापरीक्षकांच्या शंकांना उत्तर, कर्मचाऱ्यांच्या रजा आणि कामवाटप. प्रत्येकापुढे खूण करा : येते, मदतीने येते, येत नाही. अकरा वर्षे काउंटर आणि खतावणी सांभाळलेल्या माणसाची 'येते' ही यादी बहुधा अपेक्षेपेक्षा लांब निघते.

'येत नाही' या रांगेतल्या कामांना आत्मविश्वासाची नाही, शिकण्याची गरज आहे. संचालक मंडळापुढचा अहवाल अवघड वाटत असेल तर आधीच्या शाखाधिकाऱ्यांचे मागचे तीन अहवाल काढा, त्यांतले रकाने उतरवून घ्या आणि या महिन्याचे आकडे भरून बैठकीच्या चार दिवस आधी वरिष्ठांना दाखवा. बंडुरांच्या भाषेत ही प्रत्यक्ष यशाची पायरी आहे, आणि पायरी उंच ठेवली तर उलट परिणाम होतो. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांत जुन्या थकबाकीदाराकडे जाऊ नका. दोन हप्ते थकलेल्याकडे आधी जा.

उरलेल्या भीतीसाठी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची पद्धत वापरा. मराठीत डॉ. अंजली जोशी यांनी त्यांच्या जीवनावर 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी लिहिली आहे, तिथून सुरुवात सोपी जाईल. एलिस म्हणतात, प्रसंग आणि त्रास यांच्या मध्ये आपले एक वाक्य उभे असते. ते वाक्य पकडून कागदावर आणायचे. प्रसंग : लेखापरीक्षकांनी एक शंका काढली. त्रास : रात्रभर झोप नाही. मधले वाक्य : 'माझ्याकडून चूक होताच कामा नये. झाली तर मी नालायक ठरेन.' आता त्या वाक्याला हिशेब विचारा. आधीच्या शाखाधिकाऱ्यांच्या काळात शंका निघत नव्हत्या का? निघत होत्या, फाइलला लावलेल्या आहेत. मग नवे वाक्य लिहा : 'चूक नको असे मला मनापासून वाटते. झाली तर दुरुस्त करून कळवीन.' हे वाक्य गोड नाही, पण खरे आहे, म्हणून टिकते.

प्रश्न : मराठी माध्यमातून शिकलो, नांदेडहून पुण्याला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आलो. काम येते, पण इंग्रजी मेल लिहायला अर्धा तास लागतो आणि तरी धाकधूक असते. आत्मविश्वासाचे पुस्तक घेऊ की व्याकरणाचे?

व्याकरणाचे. तुमची धाकधूक वाक्य बरोबर की चूक हे न कळण्यातून येते, आणि ते कळू लागले की ती जाते.

रेमंड मर्फी यांचे 'इंग्लिश ग्रामर इन यूज' घ्या. ते १९८५ पासून निघते. पाया फारच कच्चा वाटत असेल तर त्यांचेच लाल मुखपृष्ठाचे 'एसेन्शियल ग्रामर इन यूज'. डाव्या पानावर नियम, उजव्या पानावर सराव, मागे उत्तरे. पहिल्या पानापासून ओळीने करू नका, विसाव्या धड्यापर्यंत दम संपतो. नव्या आवृत्त्यांत कोणते धडे करायचे ते ठरवण्यासाठी मागे प्रश्नावली आहे, ती आधी सोडवा. घरात तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला' असेल तर तीही काढा. वाक्ये जुन्या वळणाची आहेत, पण मराठीतून इंग्रजीत आणि उलट नेण्याचा तिच्यातला सराव आजही भक्कम आहे.

याच्या जोडीला एक जुनी युक्ती, बेंजामिन फ्रँकलिन यांच्या आत्मचरित्रातली. बोस्टनमध्ये भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत असताना वडिलांनी त्यांच्या लिखाणातला बेंगरूळपणा दाखवून दिला. तेव्हा फ्रँकलिनने 'स्पेक्टेटर' या नियतकालिकाचा एक सुटा खंड मिळवला. त्यातल्या निबंधाच्या प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपायचा, काही दिवस बाजूला ठेवायचे, मग मूळ न पाहता टिपणांवरून तो निबंध पुन्हा लिहायचा आणि ताडून चुका काढायच्या. कधी ती टिपणे विस्कटून टाकायची आणि काही आठवड्यांनी पुन्हा क्रम लावायचा, म्हणजे मांडणीचीही सवय होते.

तुमच्या इनबॉक्सवर हे असे करा. टीममधल्या ज्यांची इंग्रजी साधी आणि स्वच्छ आहे त्यांचा पाच-सहा वाक्यांचा मेल निवडा. वहीत प्रत्येक वाक्यापुढे मराठी टिपण : 'लॉगिनची अडचण, काल दुपारपासून', 'फक्त जुन्या आवृत्तीत', 'दुरुस्ती सापडली', 'उद्या अकराला तपासतो', 'तोवर बिल्ड थांबवा'. तीन दिवस मेल उघडू नका. चौथ्या दिवशी टिपणांवरून इंग्रजीत लिहा, मग शेजारी ठेवून लाल शाईने ताडा. आठवड्याला दोन मेल पुरेत.

लाल शाई कुठे पडेल तेही सांगता येते. मराठीत 'ए, ॲन, द' नाहीत, म्हणून ती गळतात. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' येतो, कारण मनात 'त्याविषयी चर्चा' असते. सगळ्यांत चिवट चूक काळाची. 'मी काल रिपोर्ट पाठवला आहे' हे मराठीत बरोबर, म्हणून बोटे 'आय हॅव सेंट द रिपोर्ट यस्टरडे' असे टाइप करतात. इंग्रजीत 'यस्टरडे' आले की 'हॅव' चालत नाही, नुसते 'आय सेंट'. ही चूक ज्या दिवशी सापडेल त्या संध्याकाळी मर्फींचा तोच धडा सोडवा. स्वतःच्या चुकीवर शिकलेला नियम विसरत नाही. एक विनंती : भाषांतर करणारे ॲप मेल तपासायला जरूर वापरा, पण आधी स्वतः लिहून मग. उलट क्रमाने वापरलेत तर मेल जातील आणि धाकधूक तशीच राहील.

प्रश्न : जळगाव जिल्ह्यातल्या नगरपरिषदेत लिपिक आहे. माझे टेबल सांभाळून दुसऱ्याचेही काम माझ्याकडे येते. नाही म्हणता येत नाही, मग रात्री चिडचिड होते.

मॅन्युएल स्मिथ यांचे १९७५ मधले 'व्हेन आय से नो, आय फील गिल्टी' हे या विषयावरचे गाजलेले पुस्तक. त्यातली मुख्य युक्ती म्हणजे आवाज न चढवता, नवी कारणे न जोडता तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणे. दुकानदार, एजंट, बरोबरीचे सहकारी यांच्याशी ती चालते. पण पुस्तक अमेरिकेतले आहे. आपल्या कार्यालयात मुख्याधिकाऱ्यांना तोंडावर 'मला जमणार नाही' म्हटले तर तो उद्धटपणा ठरतो आणि कामाचा मुद्दा बाजूला राहतो. म्हणून वरिष्ठांपुढे नकार न देता क्रम विचारा :

'साहेब, घरपट्टीची मागणी बिले उद्या संध्याकाळपर्यंत द्यायची आहेत. दाखल्यांचे काम आज हाती घेतले तर बिले परवावर जातील. आधी कोणते करू?'

'दोन्ही करून टाका.'

'दोन्ही उद्यापर्यंत होणार नाहीत, साहेब. आधी कोणते करू तेवढे सांगा.'

इथे थांबा. पुढचे मौन तुम्ही भरू नका. 'बघते, करते काहीतरी' हे वाक्य याच मौनात तोंडून निघते आणि काम गळ्यात पडते. उत्तर मिळाले की तेवढेच दोन ओळींत मेलवर किंवा टिपणीत नोंदवून ठेवा.

सहकाऱ्याला नाही म्हणताना कारणे देऊ नका. 'घरी पाहुणे आहेत' म्हटले की 'मग उद्या करा' हे उत्तर तयारच असते. 'ताई, आज माझ्याकडून होणार नाही. बुधवारी दुपारी अर्धा तास बसते तुमच्याबरोबर,' एवढे पुरे. तेही तुम्हाला खरोखर बसायचे असेल तरच म्हणा.

स्मिथ यांच्याकडून आणखी एक गोष्ट घ्या. आपली चूक असेल तेव्हा सरळ कबुली, लोटांगण नाही. 'हो, तो अर्ज आवक नोंदवहीत चढवायचा राहिला. आत्ता चढवते.' माफीची चार वाक्ये जोडली की समोरच्यालाही बोलायला चार वाक्ये सुचतात.

एक सीमा मात्र स्पष्ट असू द्या. त्रास कामाचा नसून लैंगिक स्वरूपाचा असेल तर त्यावर पुस्तक हा उपाय नाही. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते.

प्रश्न : रोज आरशासमोर 'मी यशस्वी आहे' म्हणावे, मुलाखतीआधी दोन मिनिटे छाती काढून उभे राहावे, २१ दिवसांत सवय लागते, असे एका पुस्तकात आहे. खरे का?

तिन्ही गोष्टींबाबत सावध राहा. २१ दिवसांचे मूळ प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांच्या १९६० च्या पुस्तकात आहे. बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, एवढेच त्यांचे निरीक्षण. त्यातला 'निदान' पुढे गळून पडला. लंडनमध्ये झालेल्या एका अभ्यासात रोजची साधी सवय मुरायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत होता. छाती काढून उभे राहिल्याने शरीरातली संप्रेरके (हार्मोन्स) बदलतात, असा दावा करणारा २०१० चा प्रयोग अवघ्या ४२ जणांवर होता. पुढे मोठ्या गटावर केलेल्या प्रयोगात संप्रेरकांवरचा परिणाम दिसला नाही, आणि मूळ प्रयोगाच्या एका लेखिकेने २०१६ मध्ये त्या दाव्यावर आपला विश्वास उरला नसल्याचे जाहीर केले. आरशासमोरच्या वाक्यांबद्दल २००९ मध्ये असे दिसले की ज्यांना स्वतःबद्दल आधीच कमी वाटते, त्यांना ती म्हटल्यावर आणखी वाईट वाटू शकते. कारण उघड आहे, मन लगेच उलटा पुरावा काढते. मुलाखतीच्या आधीची ती दोन मिनिटे आपल्या बायोडाटातल्या शेवटच्या दोन कामांचे आकडे पुन्हा पाहण्यात घालवा.

प्रश्न : नागपूरला अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. काहीतरी विसरेन या भीतीने ड्यूटी संपल्यावरही दोनदा फोन करून विचारते.

तुमच्यासाठी अतुल गवांदे यांचे 'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो' (२००९). लेखक बोस्टनचे शल्यविशारद, वडिलांचे घराणे विदर्भातले. त्यात १९३५ ची एक घटना आहे. बोइंगचे नवे बॉम्बफेकी विमान चाचणीत कोसळले. वैमानिक निष्णात होता, पण शेपटीकडच्या नियंत्रणाची खीळ काढायची राहून गेली होती. त्यातून उड्डाणापूर्वीची यादी जन्मली. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची यादी त्याच वाटेने आली. आठ रुग्णालयांत, त्यांत एक दिल्लीचे, ती वापरल्यावर मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ वर आल्या.

यादी कशी करायची हे पुस्तकात नेमके आहे : पाच ते नऊ मुद्दे, एका पानावर, मिनिट-दीड मिनिटात संपणारी, आणि विसरले तर घात होईल अशाच गोष्टी. पुढच्या परिचारिकेला ड्यूटी सोपवताना तुमची यादी अशी होईल : ओळखपट्टी आणि केसपेपर जुळतात का, औषधांची ॲलर्जी, पंपावर चालू औषधाचा दर आणि उरलेले प्रमाण, पुढच्या दोन तासांतली औषधे, पाठवलेल्या पण न आलेल्या तपासण्या, कोणता बदल दिसला तर डॉक्टरांना लगेच कळवायचे. आधी नेहमीप्रमाणे काम करा, मग खाटेशी थांबून दोघींनी मोठ्याने वाचा. मनात वाचलेली यादी डोळ्यांखालून नुसती सरकते. विभागात ठरलेला तक्ता असेल तर तोच वापरा आणि त्यात काही सुटत असेल तर सिस्टरांना सुचवा. घरून फोन करावासा वाटला की स्वतःला विचारा, या सहापैकी कोणता मुद्दा राहिला? एकही नसेल तर फोन करू नका. आठवडाभर जड जाईल.

प्रश्न : थोरांची आत्मचरित्रे वाचून धीर येतो का?

येतो, पण निवड जपून करा. दुसऱ्याला जमताना पाहून आपल्यालाही जमेल असे वाटते, हा बंडुरांचा दुसरा मुद्दा. मात्र तो माणूस आपल्यासारखा वाटला पाहिजे. शिखरावर पोहोचलेल्याचे वर्णन नुसते दिपवते. म्हणून ज्या पुस्तकात अडखळणे तपशिलाने आले आहे ते घ्या. त्यासाठी आम्ही १९१० चे रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' सुचवू. अकराव्या वर्षी, अक्षरओळखही नसताना लग्न होऊन आलेली मुलगी, घरातल्या बायकांची बोलणी ऐकत, पतीकडून मराठी आणि मग इंग्रजी शिकते. ती पाने आधी काढा. वाचताना पेन्सिलने फक्त एवढेच टिपा : त्या दिवशी त्यांनी नेमके काय केले, आणि कोण काय बोलले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा काय केले.